महिन्यातली ४१ मिनिटे: व्हॉइसमेलच्या पोर्टचा हिशोब

एकाच यंत्रणेविषयीचे दोन कागद बैठकीत समोरासमोर आले आणि दोन्ही खरे होते. वित्त विभागाच्या कागदावर लिहिले होते की व्हॉइसमेलच्या १६ पोर्टचा, म्हणजे एका वेळी एकच कॉल घेणाऱ्या मार्गांचा, महिन्याचा सरासरी वापर १२ टक्के आहे. दूरसंचार विभागाच्या फाइलमध्ये तक्रारींची चळत होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी मेलबॉक्स लागतच नाही, एंगेज टोन येतो. बाहेरून फोन करणाऱ्याला नुसती रिंग ऐकू येत राहते, ना माणूस उचलतो ना यंत्र. पुरवठादाराने सुचवलेला उपाय कुणालाही आधीच सांगता आला असता: पोर्ट दुप्पट करा, १६ चे ३२. जाता जाता साठवणीचा परवानाही वाढवून घ्या, कारण १६० तासांपैकी ७६ टक्के भरले आहेत.

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेले आहे. संस्था काल्पनिक आहे आणि आकडे हिशोब कागदावर सहज जमावा म्हणून सोयीचे घेतले आहेत. पण अशा यंत्रणा वागतात त्या अशाच, आणि सूत्रे तर खरीच आहेत.

संस्थेत १,६०० मेलबॉक्स. ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातले फोन जोडणाऱ्या अंतर्गत एक्स्चेंजच्या) मागे व्हॉइसमेलचा सर्व्हर आणि दोघांना जोडणारी १६ पोर्ट. एका पोर्टवर एका वेळी एकच संवाद चालतो. सतरावा माणूस आला की त्याला जागा नाही. ज्यांची यंत्रणा आता भाड्याच्या सर्व्हरवर गेली आहे त्यांच्याकडे पोर्टऐवजी ‘एकाच वेळची सत्रे’ अशी अट असते. नाव बदलले, गणित तेच.

वित्तप्रमुखांनी आपल्या कागदावर बोट ठेवले. “बारा टक्के वापर. अठ्ठ्याऐंशी टक्के क्षमता पडून आहे, मग दुप्पट कशाला घ्यायची?” दूरसंचार व्यवस्थापकांनी त्याच अहवालातली खालची ओळ दाखवली: सोळाच्या सोळा पोर्ट एकाच वेळी व्यापलेली होती असा काळ, महिन्यात ४१ मिनिटे. वित्तप्रमुखांनी तिथल्या तिथे भागाकार केला. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे. त्यातली ४१ म्हणजे हजारात एकही पूर्ण भरत नाही. “एवढ्यासाठी, साहेब?”

भागाकार बिनचूक होता. चूक होती ती ४३,२०० ने भागण्यात. पहाटे तीनला पोर्ट रिकामी असतात म्हणून सकाळी दहाला अडलेल्या माणसाचे काम होत नाही. ती ४१ मिनिटे महिनाभर विखुरलेलीही नव्हती. त्यातली सुमारे २९ मिनिटे चार सकाळींत, त्याही साडेनऊ ते साडेदहा या एकाच तासात पडली होती. म्हणजे त्या तासात साठातली सात मिनिटे दार बंद. आणि नेमक्या त्याच तासात सगळ्यांत जास्त लोक दारावर थाप मारत होते.

आधी आकडे धुऊन घेणे

वाहतुकीची माहिती दोन जागी मिळत होती. व्हॉइसमेलचा लॉग: प्रत्येक सत्राचे पोर्ट, सुरुवात, शेवट, प्रकार. आणि ईपीएबीएक्सचा हंट ग्रुपचा, म्हणजे ज्यातले मोकळे पोर्ट शोधून कॉल दिला जातो त्या पोर्टगटाचा, अहवाल: किती प्रयत्न झाले, त्यातले किती सर्व पोर्ट भरल्याने परतले, पोर्ट एकूण किती वेळ व्यापलेली होती. यातला एकच स्रोत घेऊन निर्णय करणारे बरेच भेटतात. ते धोक्याचे आहे, कारण व्हॉइसमेलला फक्त आत आलेला कॉल दिसतो. जो आत येऊच शकला नाही त्याची नोंद त्याच्याकडे असणार कशी?

पहिल्याच आठवड्याच्या लॉगमध्ये दोन गोष्टी खटकल्या. पोर्ट ९ वर दिवसभरात सगळ्यांत जास्त कॉल आणि त्यांचा सरासरी कालावधी ४ सेकंद. इतर पोर्टवर तो मिनिटाच्या पुढे. हा जुना आणि लबाड बिघाड आहे. पोर्ट कॉल उचलते, आवाज जात नाही, समोरचा वैतागून ठेवतो आणि पोर्ट लगेच मोकळे. मोकळे असल्यामुळे पुढचा कॉलही त्याच्याकडेच जातो. ज्या खिडकीवरचा कारकून सगळ्यांना “नंतर या” म्हणून परत पाठवतो, तिथली रांग सर्वांत भराभर सरकते, तसेच हे. एक बिघडलेले पोर्ट सोळा पोर्टांतल्या एकाहून कितीतरी जास्त लोकांना त्रास देते, आणि सरासरी वापराच्या अहवालात ते सर्वांत मोकळे, म्हणून सर्वांत निरुपद्रवी दिसते.

दुसरी गोष्ट याच्या उलट. पोर्ट ३ वर ३ तास ४० मिनिटांचे एक सत्र. एवढा वेळ कोणी मेसेज ऐकत नाही. समोरच्याने फोन ठेवल्याचा संकेत ईपीएबीएक्सकडून पोहोचला नाही आणि पोर्ट अडकून बसले, रात्रीच्या रीसेटपर्यंत. असे एकच सत्र त्या दिवसाची सरासरी बिघडवते. पोर्ट ९ चे कार्ड बदलले, संकेताची सेटिंग दुरुस्त केली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. जुने आकडे गाळणी लावून वापरता आले असते, पण मोजणी पुन्हा करायला चार आठवडे हाताशी असतील तर तडजोड करू नये असे माझे मत आहे.

मोजायचा तास कुठला, यावर बरेच अवलंबून असते. यंत्रणेचा तयार अहवाल घड्याळी तासांचा होता: ९ ते १०, १० ते ११. त्यात पहिल्या तासाचा भार १०.६ एर्लांग (भाराचे एकक, खुलासा पुढच्या परिच्छेदात) आणि दुसऱ्याचा १०.१ दिसत होता. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले तेव्हा कळले की खरा डोंगर साडेनऊला चढतो आणि साडेदहाला उतरतो. घड्याळी तासाने तो मधोमध कापला होता. चार तुकड्यांचे आकडे ११.१, १४.३, १३.४ आणि ११.२. सरासरी १२.५. दुसऱ्या तुकड्यात सोळांपैकी सरासरी चौदाच्या वर पोर्ट व्यापलेली आहेत, म्हणजे मोकळे पोर्ट सापडणे नशिबाचा भाग. घड्याळी तासावर विसंबून हिशोब केला असता तर सूत्राने परतणाऱ्या कॉलचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास सांगितले असते. प्रत्यक्षात ते तिप्पट होते.

एर्लांग म्हणजे काय, हे एका ओळीत सांगता येते: तासाभरात किती कॉल आले याला प्रत्येकाने घेतलेल्या सरासरी वेळेने गुणा आणि उत्तर तासांत मांडा. एक पोर्ट पूर्ण तासभर व्यापलेले राहिले तर एक एर्लांग. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाचे हे नाव. कॉल कसे यादृच्छिक येतात यावरचा त्याचा लेख १९०९ चा आणि आजही वापरात असलेली सूत्रे १९१७ ची. एककाला त्याचे नाव १९४६ मध्ये मिळाले. ईपीएबीएक्सच्या अहवालात मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे सीसीएस असतात, म्हणजे शंभर-शंभर कॉल-सेकंदांचे गठ्ठे. ३६ सीसीएस म्हणजे एक एर्लांग. अहवालात ४५० सीसीएस होते, ३६ ने भागून १२.५. व्हॉइसमेलच्या लॉगमधली सत्रे बेरजेला घेतली तर ४५,००० सेकंद, म्हणजे तेवढेच. दोन स्वतंत्र स्रोत एका आकड्यावर आले की पुढे जायला हरकत नाही.

पोर्टवर नक्की कोण बसले आहे

पुरवठादाराच्या प्रस्तावात हा प्रश्नच नव्हता. त्याच्या दृष्टीने १२.५ एर्लांग म्हणजे १२.५ एर्लांग.

लॉगमधल्या ‘प्रकार’ या रकान्यावरून भार वेगळा केला. त्या तासात बाहेरच्या आणि आतल्या लोकांनी मेसेज ठेवण्यासाठी केलेले कॉल १५०, सरासरी ६० सेकंद: अडीच एर्लांग. स्वयंचलित ऑपरेटर, म्हणजे “विक्रीसाठी १ दाबा” सांगणारा आवाज, ९० कॉल, ४० सेकंद: एक एर्लांग. मोबाइलवर फोन करून “तुमच्यासाठी मेसेज आहे” असे सांगणारे बाहेर जाणारे कॉल ६०, रिंग धरून मिनिटभर: आणखी एक. फोनवरचा मेसेजचा दिवा लावणे आणि विझवणे, ही गंमत आहे, तेही ही यंत्रणा पोर्ट उचलून, कोड डायल करून करत होती. ३०० वेळा, ६ सेकंद: अर्धा एर्लांग. उरलेले मेसेज ऐकण्याचे कॉल: २००, सरासरी १३५ सेकंद, साडेसात एर्लांग.

म्हणजे पोर्ट भरत होती ती मेसेज ठेवणाऱ्यांनी नव्हे, ऐकणाऱ्यांनी. ‘लोक जास्त फोन करू लागले’ हे स्पष्टीकरण इथेच गळून पडले.

१३५ सेकंद हा आकडा मला खटकला. आठवड्याच्या इतर दिवशी, याच तासात, याच लोकांचे सत्र सरासरी ९० सेकंदांचे होते. सुट्टीनंतर मेसेज साठतात म्हणून सत्र लांबते, असे कोणीही म्हणेल. पण मेसेज साठल्यामुळे लांबलेली सत्रे कमी-जास्त लांबतात. इथे जवळजवळ प्रत्येक सत्र सारखेच लांबले होते, ४५ सेकंदांनी. मग एका सत्राचा टप्प्याटप्प्याचा लॉग काढला. ९ वाजून ४१ मिनिटे ७ सेकंदांनी सुरुवात. स्वागत आणि पासवर्ड १४ सेकंद. त्यानंतर प्रशासन विभागाचा साप्ताहिक सर्वांसाठीचा मेसेज, ४५ सेकंद. “तुमच्याकडे एक नवीन मेसेज आहे” ६ सेकंद. तारीख, वेळ, नंबर ८ सेकंद. प्रत्यक्ष मेसेज ३५ सेकंद. ठेवा की पुसा हे विचारणारा मेनू ९ सेकंद. मुख्य मेनू पूर्ण ऐकून मग फोन ठेवला, १८ सेकंद. शेवट ९:४३:२२.

सव्वादोन मिनिटांत कामाचा मेसेज पस्तीस सेकंदांचा.

प्रशासनाचा मेसेज सुट्टीआधी ध्वनिमुद्रित करून पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी सातला सर्व मेलबॉक्समध्ये टाकला जाई. त्यावर ‘पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ अशी खूण होती. कोणीतरी कधीतरी ती एखाद्या महत्त्वाच्या सूचनेसाठी लावली असणार आणि मग ती तशीच राहिली. २०० सत्रे, प्रत्येकी ४५ सेकंद, म्हणजे ९,००० सेकंद: अडीच एर्लांग. बाहेरच्या जगातून येणारे सगळे मेसेज ठेवून घ्यायला जेवढा भार लागत होता, तेवढाच भार कार पार्किंगची आणि ओळखपत्रांची सूचना ऐकवण्यात जात होता.

वाहिलेला भार आणि आलेला भार

आतापर्यंत मोजले ते यंत्रणेने वाहिलेले ओझे. क्षमता ठरवायची तर तिच्याकडे आलेले ओझे हवे. ईपीएबीएक्सच्या अहवालात त्या तासात आत येऊ पाहणारे प्रयत्न ५००, त्यातले ६० परतले, शंभरात बारा. किती भाराला किती पोर्टवर किती कॉल परततील हे सांगणाऱ्या एर्लांगच्या ‘बी’ सूत्रात १६ पोर्ट आणि १४.२ एर्लांग घातले की परतण्याचे प्रमाण १२ टक्के येते आणि वाहिलेला भार जवळपास साडेबारा. मोजलेले आणि सूत्राने काढलेले इतके जुळते तेव्हा सूत्राला या यंत्रणेची नाडी सापडली आहे असे समजायला हरकत नाही.

पण एक ताण आहे. ‘बी’ सूत्र धरून चालते की परतलेला माणूस निघून जातो. ऑफिसातला माणूस निघून जात नाही, तो रीडायल दाबतो. परतलेल्या ६० प्रयत्नांची एक्सटेन्शन पाहिली तर त्यांत बरीच तीच ती होती, मिनिटाच्या आत दोन-तीनदा. म्हणजे खरी मागणी साडेबारा आणि १४.२ यांच्या मध्ये कुठेतरी. फेरप्रयत्न हिशोबात धरणारी सुधारित सूत्रे आहेत, पण इथे तेवढ्या बारकाईची गरज नव्हती. सुरक्षित बाजू म्हणून १४.२ धरले. (ईपीएबीएक्स कॉलला रांगेत थांबवून ठेवत असेल तर ‘बी’ नव्हे, ‘सी’ सूत्र लागते. ही अदलाबदल केलेले हिशोब वारंवार दिसतात आणि ते कागदावर अगदी देखणे असतात.)

आता पुरवठादाराचा प्रस्ताव तपासता येतो. १४.२ एर्लांगसाठी २० पोर्टवर ३.३ टक्के कॉल परततात. २३ पोर्टवर एक टक्क्याच्या आत, आणि शंभरात एक हे अशा यंत्रणेसाठी सर्वसाधारणपणे स्वीकारले जाणारे माप आहे. पोर्ट चारच्या कार्डांत मिळतात, म्हणून २४. प्रस्तावातल्या ३२ पोर्टवर पन्नास हजारांत एक कॉल परतला असता. मागणीत कशालाही हात न लावता, आहे तशी ठेवून, आठ पोर्ट पुरली असती. सोळा मागितली होती.

आणि मागणीला हात लावला तर? दिव्याचे काम पोर्टवरून काढता येत होते, कारण ईपीएबीएक्स आणि सर्व्हर यांच्यात कॉलची माहिती नेणारा सिरियल दुवा आधीपासून होता आणि दिव्याचा आदेश त्यावरूनही जातो. (एसआयपीवरच्या, म्हणजे डेटा नेटवर्कवरून फोन जोडणाऱ्या, नव्या यंत्रणांत हा प्रश्नच उरत नाही; दिव्यासाठी वेगळा निरोप असतो, त्याचे मानक २००४ चे.) मोबाइलवर फोन करून कळवण्याऐवजी ईमेल किंवा लेखी निरोप पाठवता येत होता. आणि प्रशासनाचा मेसेज. परतलेल्या प्रयत्नांचा वाटा धरून या तिन्हींचे मिळून साडेचार एर्लांग होत होते. उरले ९.६५. सोळाच पोर्टवर परतण्याचे प्रमाण १.८ टक्के.

क्रम मात्र चुकवून चालणार नव्हता. प्रशासनाचा मेसेज सकाळी सातला पडे तेव्हा १,६०० दिवे लावण्याचे काम आठच्या आत उरके आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. तोच मेसेज दुपारी तीनला टाकायचा आणि दिवे अजून पोर्टवरूनच लावायचे, तर १,६०० गुणिले ६ सेकंद म्हणजे पोर्टवरचे दोन तास चाळीस मिनिटांचे काम भर दुपारी. आधी दिवे सिरियल दुव्यावर, मग मेसेजची वेळ, असे ठरले.

राखीव पोर्टची मागणी

या सगळ्यात वरिष्ठांकडून एक सूचना आली: चार पोर्ट फक्त विभागप्रमुखांसाठी वेगळी काढा, म्हणजे त्यांना तरी एंगेज लागणार नाही. ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण वाटणी केली की पोर्टची ताकद घटते. एक टक्का परतण्याच्या मापाने २० पोर्टचा एकसंध गट १२ एर्लांग वाहतो. त्याचेच दहा-दहाचे दोन गट केले तर प्रत्येकी ४.४६, मिळून नऊही नाही. पोर्ट तेवढीच, वहन पाऊण. सोळातून चार काढली तर उरलेली बारा एक टक्क्याच्या मापाने ५.९ एर्लांगच्या वर नेणार नाहीत. विभागप्रमुखांची चार पोर्ट बहुतेक वेळ मोकळी आणि बाकी सगळे बाराच्या दारात. सूचना मागे घेतली गेली. मला वाटते गणितापेक्षा हे कारण जास्त चालले: विभागप्रमुखांना फोन करणारे ग्राहक त्या बारा पोर्टवरूनच येणार होते.

साठवण: वेगळा आजार

पोर्टची आणि साठवणीची तक्रार एकाच प्रस्तावात आली म्हणून ती एकच असते असे नाही. पोर्टला गर्दीचा तास मारतो, साठवणीला सवयी. तिथे एर्लांग नको, लिटलचा नियम पुरे, जो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: साठ्यात किती आहे हे कळायला रोज किती येते याला ते सरासरी किती दिवस राहते याने गुणा. दिवसाला १,४०० मेसेज, सरासरी ३५ सेकंद, म्हणजे १३.६ तास. सरासरी मुक्काम ९ दिवस. गुणाकार १२२ तास, म्हणजे १६० पैकी ७६ टक्के. अहवालातला आकडा असा उलगडतो तेव्हा तो कुठून दाबला तर कमी होईल हेही दिसते. लोक मेसेज कमी ठेवणार नाहीत; मुक्काम कमी करता येतो.

मेलबॉक्सनिहाय यादी काढली तर ३५० मेलबॉक्स महिनाभरात एकदाही उघडलेले नव्हते. संस्था सोडून गेलेले, विभाग बदललेले, बैठकीच्या खोल्यांचे फोन. त्यांत रोज सुमारे ६० मेसेज पडत आणि न ऐकलेला मेसेज तीस दिवस ठेवायचा नियम असल्यामुळे तीस दिवस पडून राहत. साडेसतरा तास साठवण, कोणीही न ऐकणारे मेसेज सांभाळण्यासाठी. खरे तर इथे साठवणीपेक्षा गंभीर प्रश्न होता. रोज साठ माणसे आपला निरोप पोहोचला असे समजून फोन ठेवत होती. ते मेलबॉक्स बंद करून तो कॉल ऑपरेटरकडे वळवला आणि ऐकलेले मेसेज चौदाऐवजी दहा दिवसांनी पुसायचे ठरले. परवाना वाढवण्याचा विषय संपला.

डिस्कविषयी एवढेच: सेकंदाला ३२ किलोबिट वेगाने साठवलेला आवाज तासाला १४.४ मेगाबाइट घेतो. १६० तास म्हणजे २.३ गिगाबाइट. त्या मशीनच्या डिस्कवर याच्या कितीतरी पट जागा रिकामी होती. १६० ही मर्यादा डिस्कची नव्हती, परवान्याची होती, आणि ‘डिस्क भरत आली’ या भाषेत मांडलेला प्रस्ताव वाचताना हे विचारून घ्यावे.

निर्णय

सहा महिन्यांत ४०० मेलबॉक्सचे दुसरे कार्यालय याच यंत्रणेवर येणार होते. तिथल्या फिरत्या कर्मचाऱ्यांचे आणि टेबलावर बसणाऱ्यांचे प्रमाण इथल्यासारखेच होते, म्हणून भार सरळ सव्वापट धरता आला. ते प्रमाण वेगळे असते तर मेलबॉक्सच्या संख्येवरून काढलेला अंदाज फसला असता, कारण फिरतीवरचा एक माणूस टेबलावरच्या चार-पाच जणांइतका मेसेज ऐकतो. ९.६५ ची सव्वापट १२.०६. वीस पोर्टवर एक टक्का. चार पोर्टचे एक कार्ड.

कार्ड लगेच घेतले नाही. आधी मागणीतले तिन्ही बदल झाले, तीन आठवडे मोजले. गर्दीच्या तासात ४७० पैकी ९ प्रयत्न परतले, १.९ टक्के, सूत्राच्या अंदाजाशी फारसा फरक नाही. दुपारी तीनला एक नवा टेकाड उभा राहिला, ९.१ एर्लांगचा. लोक सर्वांसाठीचा मेसेज आता वगळू शकत होते तरी दिवा दिसला की फोन उचलत होतेच. सकाळच्या डोंगरापेक्षा तो ठेंगणा आहे म्हणून सोडून दिला.

मोबाइलवर फोन करून कळवणे पूर्ण बंद करता आले नाही. फिरतीवरच्या तीसेक जणांनी जोरदार हरकत घेतली: गाडी चालवताना लेखी निरोप वाचता येत नाही, फोन घेता येतो. हरकत रास्त होती. त्यांच्यापुरते ते कॉल चालू ठेवले, पण न उचलल्यास दर पंधरा मिनिटांनी पुन्हा लावण्याऐवजी चाळीस मिनिटांनी. बाहेर जाणाऱ्या कॉलमधला मोठा वाटा या फेरप्रयत्नांचाच होता, हे तोवर कोणी पाहिले नव्हते.

दुसरे कार्यालय जोडले तेव्हा कार्ड आले, पोर्ट वीस झाली. पहिल्या महिन्यात गर्दीच्या तासाचा आलेला भार ११.५ एर्लांग निघाला, अंदाजापेक्षा थोडा कमी. त्या कार्यालयाचे काम अर्धा तास आधी सुरू होते आणि दोन्ही डोंगर एकावर एक पूर्ण चढत नाहीत. परतणारे कॉल हजारात सात. वित्त विभागाकडे जाणाऱ्या अहवालातून महिन्याच्या सरासरी वापराची ओळ काढून टाकली. तिच्या जागी आता तीन आकडे असतात: आठवड्यातल्या सर्वांत जड तासाचा भार, त्या तासात परतलेल्या प्रयत्नांचे प्रमाण आणि मेसेज ऐकण्याच्या सत्राची सरासरी लांबी. पुढचे कार्ड कधी घ्यायचे याची अटही लिहून ठेवली आहे: सलग चार आठवडे परतण्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर राहिले तर, आणि तेव्हाही आधी तिसरा आकडा पाहून.